पहिला हप्ता बेरजेचा

दर महिन्याच्या वीस तारखेच्या सुमाराला मी पगारबिलाला बसतो. अनुदानित शाळेत लिपिक म्हणून हे माझं एकविसावं वर्ष. कुणाचा मूळ पगार किती आणि महागाई भत्ता किती, हे गावाला ठाऊक असतं. कपातीचे रकाने मात्र मलाच दिसतात. व्यवसाय कर दोनशे, भविष्य निर्वाह निधी, आयकर, आणि मग पतसंस्था. कधी एक, कधी तीन. ऐंशी हजारांच्या पगारातून अकरा हजार हातात पडणारी माणसं मी पाहिली आहेत. त्यातलेच एक सर परवा स्टाफरूममध्ये नव्या शिक्षणसेवकाला सांगत होते, "अंथरूण पाहून पाय पसरावेत, बाळा." मी चहाचा कप खाली ठेवला आणि बाहेर गेलो.

या म्हणीचा मला राग येतो, कारण ती नेहमी उशिरा येते. पाय पसरून झाले, अंथरूण फाटलं, माणूस फरशीवर कुडकुडतोय, आणि आपण त्याला चादरीचं माप सांगतोय. शिवाय तिच्या पोटात एक आरोप आहे की कर्जबाजारी माणूस उधळ्याच असणार. माझ्या स्वतःच्या कर्जाचा निम्मा भाग वडिलांच्या दवाखान्याचा होता आणि निम्मा माझ्या हौसेचा. दवाखान्याचं कर्ज चांगलं आणि मोबाइलचं वाईट, असा निवाडा नातेवाईक करतात. व्याज करत नाही. त्याचा दर दोन्हींना सारखाच लागतो. म्हणून कर्ज कशामुळे झालं या प्रश्नावर रात्री जागवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की तो प्रश्न कर्ज फिटल्यावरही शिल्लक असतो, तेव्हा सोडवा.

दुसरा सल्ला आणखी घातक, कारण तो धीर देणारा आहे. "किमान रक्कम भरत राहा, चालू राहतं." क्रेडिट कार्डावर एक लाख थकलेत असं धरा. साडेतीन टक्के महिना या दरानं व्याज साडेतीन हजार. त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे सहाशे तीस. एकूण चार हजार एकशे तीस. किमान रक्कम पाच टक्के धरली तर तुम्ही पाच हजार भरता आणि मुद्दल घटतं आठशे सत्तर रुपयांनी. त्यात पूर्ण बिल न भरल्यामुळे बिनव्याजी मुदत गेलेली असते, म्हणजे पुढच्या महिन्यातल्या किराण्यालाही खरेदीच्या दिवसापासून व्याज. आपल्याकडच्या जुन्या दामदुपटीच्या नियमात व्याजाला मुद्दलाची तरी वेस होती. इथे वेस नाही. वर्षाला तीस टक्क्यांवरचं व्याज अन्याय्य आहे, असं राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये म्हटलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. तेव्हा वेस घालायची असेल तर ती आपल्यालाच घालायची आहे.

मग येतो तिसरा पक्ष, आणि तो सगळ्यात जोरात बोलतो. "बड्यांची हजारो कोटी माफ होतात, मग मीच का फेडू?" यातला राग खरा आहे, त्याची टिंगल मी करणार नाही. उलट त्याला आणखी एक पुरावा देतो. दिवाळखोरीची संहिता २०१६ ची. कंपन्यांना ती मिळाली, पण साध्या पगारदारासाठीचा तिच्यातला भाग वर्षानुवर्षं अधिसूचितच झाला नाही. एवढं असूनही या रागातून काढलेला निष्कर्ष चूकच आहे. बँक कर्ज निर्लेखित करते म्हणजे आपल्या ताळेबंदातून काढते. कर्जदाराच्या मानेवरून काढत नाही. वसुली चालूच राहते. आणि समजा एखाद्या बड्याचं खरोखर सुटलंही, तरी त्यानं माझ्या कार्डावरचे चार हजार एकशे तीस कमी होत नाहीत.

या वादात लोक हमखास तुकोबांना ओढतात. वह्या इंद्रायणीत बुडवल्या ना, मग! अहो, पण कुणाच्या वह्या? परंपरा सांगते ती गोष्ट नीट ऐका. घर सावकारीचं, लोकांकडून येणं असलेली खतं भाऊ कान्होबाबरोबर वाटून घेतली आणि तुकोबांनी आपल्या वाट्याची नदीत सोडली. बुडवली ती धनकोनं. ऋणकोच्या बाजूनं ही कथा सांगता येत नाही. आणि कान्होबाच्या वाट्याची खतं कोरडीच राहिली, हे तर कुणी सांगतच नाही.

ऋणकोची गोष्ट हवी असेल तर १८७५ कडे जावं. त्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला कुणबी शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. तिथून ते लोण नगरकडे पसरलं. त्यांचा रोख मुख्यतः माणसांवर नव्हता, कागदांवर होता. कर्जखतं आणि हुकूमनामे बाहेर काढून जाळले. कारण त्या कागदावर काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला वाचता येत नव्हतं. त्यानंतर १८७९ चा दख्खन शेतकरी मदत कायदा आला आणि त्यानं न्यायालयाला खताच्या मागे जाऊन व्यवहाराचा मुळापासून हिशेब तपासायला लावलं. मला त्या दंग्यातून घ्यावीशी वाटते ती ही गोष्ट. आग विझली, हिशेब मागायचा हक्क मागे राहिला. आज आपल्याला वाचता येतं, तरी कार्डाचं विवरणपत्र आलं की आपण ते न उघडता ड्रॉवरमध्ये ठेवतो. सुप्याच्या माणसाला कागद वाचता येत नव्हता म्हणून त्यानं तो जाळला. आपण वाचता येत असून वाचत नाही.

का वाचत नाही, याचं उत्तर एका शब्दात आहे: अब्रू. आणि माझा मुख्य वाद याच शब्दाशी आहे. "चारचौघांत कळता कामा नये" हा सल्ला आपल्या घरांत इतका मुरलाय की नवऱ्याचं कर्ज बायकोला वसुलीवाल्याच्या फोनवरून कळतं. कर्जापायी अब्रू जाते असं म्हणतात. मी म्हणतो, अब्रूपायीच कर्ज वाढतं. लपवायचं म्हणून एका कार्डानं दुसरं भरायचं. लपवायचं म्हणून मुलीच्या नावाची आवर्त ठेव चालू ठेवायची, साडेपाच-सहा टक्क्यांची. ती मोडली तर घरात विचारतील म्हणून शेजारी बेचाळीस टक्क्यांचं कर्ज पोसायचं. वसुलीवाला नेमकं हेच जाणतो. "ऑफिसात येऊ का?" या त्याच्या एका वाक्याची ताकद तुमच्या लपवण्यातून येते. ज्यानं घरी सांगितलंय, त्याच्यावर ते वाक्य चालत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. २०२१ च्या मे महिन्याची गोष्ट. माझ्या डोक्यात आकडा होता चार-साडेचार लाखांचा. एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मुलीची जुनी चौरेघी वही घेतली, बायकोला समोर बसवलं आणि लिहायला लागलो. पतसंस्था दोन लाख ऐंशी हजार. दोन कार्डांचे मिळून एक लाख शेहेचाळीस. वैयक्तिक कर्ज एक लाख पासष्ट. ती म्हणाली, "अजून?" मी म्हटलं, झालं. ती पंख्याकडे बघत राहिली आणि पुन्हा म्हणाली, "अजून?" तेव्हा मी पन्नास हजार लिहिले. ते तिच्या भावाकडून घेतलेले होते, तिला न सांगता. बेरीज आली सहा लाख एक्केचाळीस हजार.

ती चिडली, पण कर्जावर नाही. दोन वर्षं तिच्याच भावाच्या घरी मी दिवाळीचा फराळ करत होतो, यावर चिडली. संध्याकाळपर्यंत बोलली नाही. रात्री तांदळाच्या डब्यामागून एक पाकीट काढून तिनं वहीवर ठेवलं: भिशीचे चाळीस हजार. मलाही ते ठाऊक नव्हते. म्हणजे घरात लपवलेल्या बेरजा दोन होत्या. तिची अधिक होती, माझी उणे.

दुसऱ्या दिवशी आवर्त ठेव मोडली, अठ्ठावन्न हजार आले. भिशी आणि ठेव मिळून अठ्ठ्याण्णव हजार कार्डांवर टाकले. राहिले अठ्ठेचाळीस. आता गंमत बघा. आधी किमान रक्कम म्हणून मी महिन्याला सात हजार तीनशेच्या आसपास भरतच होतो आणि मुद्दल जागचं हलत नव्हतं. आता साडेसात हजार भरायला लागलो आणि आठव्या महिन्यात कार्डं शून्यावर आली. पगार एक पैसा वाढलेला नव्हता. "आधी उत्पन्न वाढवा" म्हणणाऱ्यांना माझं एवढंच उत्तर आहे.

कार्डं कात्रीनं कापली, त्याचा समारंभही केला. नंतर कळलं की कार्ड कापल्यानं खातं बंद होत नसतं. बँकेला तसं कळवावं लागतं. सगळी बाकी भरलेली असेल तर कळवल्यापासून सात कामाच्या दिवसांत खातं बंद करायचं, नाहीतर ग्राहकाला दिवसाला पाचशे रुपये द्यायचे, असं रिझर्व्ह बँकेचंच बंधन आहे. हे बँकेच्या माणसाला सांगितलं की त्याचा आवाज बदलतो.

"एकच मोठं कर्ज काढून सगळी छोटी मिटवा," हा सल्ला मी सरसकट खोडणार नाही. कार्डावरचा एक लाख सोळा टक्क्यांच्या तीन वर्षांच्या कर्जात फिरवला तर हप्ता साधारण साडेतीन हजार येतो, किमान रकमेपेक्षाही कमी, आणि त्याला शेवट असतो. पण माझ्या टेबलावरून गेलेली उदाहरणं पाहता नवं कर्ज निघतं, कार्ड रिकामं होतं आणि वर्षभरात ते पुन्हा भरतं. खातं आधी बंद, मग एकत्रीकरण. हा क्रम ज्याला जमत नाही त्यानं या वाटेला जाऊ नये. तडजोडीचंही तसंच. भरणं खरोखरच अशक्य असेल तर तडजोड करण्यात पाप नाही. पण पतअहवालात 'सेटल्ड' हा शेरा वर्षानुवर्षं राहतो, हे माहीत असू द्या आणि पैसे देण्याआधी पत्र हातात घ्या. फोनवरचा शब्द धरू नका.

वसुलीवाल्यांबद्दल एक. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये बजावलंय की सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करायचा नाही, धमकवायचं नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही. तक्रार आधी बँकेकडे लेखी. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर लोकपालाकडे. आणि कर्ज थकणं हा स्वतः फौजदारी गुन्हा नाही. धनादेश न वटणं हा मात्र असू शकतो, तेव्हा खात्यात पैसे नसताना धनादेश देऊन वेळ मारून नेऊ नका.

आता माझ्याच गणिताला माझा एक अपवाद. व्याजाच्या दरानं उतरती यादी करावी आणि वरून फेडत यावं, हे बरोबर. त्या हिशेबानं मेहुण्याचे बिनव्याजी पन्नास हजार सगळ्यात शेवटी येतात. आम्ही ते पहिल्याच महिन्यात सुरू केले, एक हजारानं. कार्डाचं व्याज त्यानं थोडं जास्त गेलं असेल. जाऊ दे. पतसंस्थेच्या कर्जाबाबतही असंच काहीतरी होतं. तिथे आमच्या शाळेतले दोघे मला जामीन आहेत. माझं थकलं असतं तर कपात त्यांच्या पगारातून झाली असती, आणि ते बिल मलाच करावं लागलं असतं.

जून २०२१ पासून दर महिन्याला एक पाकीट. जुलै २०२५ मध्ये पन्नासावं दिलं. मेहुण्यानं ते न उघडता खिशात घातलं, तेव्हा बायको म्हणाली, "मोज." त्यानं मोजले. दहा नोटा होत्या, शंभराच्या. पतसंस्थेचे अजून अकरा हप्ते बाकी आहेत.