उंबरठ्यावरून : गाडीतलं बिनतारी

दिवाळीच्या फराळाचे डबे अजून रिकामे व्हायचे होते. दारात धाकट्याची दहा चाकी उभी होती आणि केबिनमध्ये सूनबाई पुठ्ठ्याचं खोकं घेऊन बसली होती. कात्रीने कापलेलं, चिकटपट्टीने जोडलेलं, त्याला पेन्सिलीने गोल, चौकोन काढलेले. धाकटा स्टिअरिंगवर बसून गिअर पहिल्यापासून शेवटपर्यंत टाकून बघत होता आणि ती म्हणत होती, "अहो, गुडघा लागतोय बघा. दोन बोटं कमी करू."

शेजारच्या वहिनी फाटकातून विचारत्या झाल्या, "गाडीत देव्हारा करताय का?"

मी म्हटलं, "देव आहेतच गाडीत. त्यांच्याशी बोलायचं यंत्र बसवतायत."

थट्टा होती ती. पण वाचकहो, त्या खोक्यामागची हकीकत थट्टेची नव्हती.

आदल्या कापसाच्या हंगामात एका जिनिंगच्या आवारात धाकटा गाडी मागे घेत होता. दिवेलागणीची वेळ, ट्रॅक्टरांची गर्दी, आत मशीनचा घरघराट. आपल्याकडे गाडी मागे घेण्याची रीत सर्वांना ठाऊक आहे. क्लीनर मागे उभा राहून "आने दो, आने दो" करतो आणि थांबायचं झालं की फाळक्यावर दोनदा थाप मारतो. त्या दिवशी पोराने थाप मारली. ती समोर ऐकूच गेली नाही. बेल्याकडचा एकोणीस वर्षांचा पोरगा. उजव्या पायाची दोन बोटं गेली.

दवाखान्याचा खर्च धाकट्याने केला, पोराचा पगार चालू ठेवला, दर रविवारी त्याच्या घरी जाऊन बसायचा. पण घरी आला की जेवण अर्ध्यावर टाकून उठायचा. एका रात्री म्हणाला, "आई, गाडी विकतो." गाडीवर अजून हप्ते होते. माझं तर पाणी पाणी झालं. सूनबाई मात्र भाकरी थापत शांतपणे म्हणाली, "गाडी विकून त्याची बोटं येणार नाहीत. तुम्हाला दोघांना एकमेकांचं ऐकू यायला पाहिजे, एवढंच."

आमच्या सूनबाईबद्दल सांगायला हवं. हैदराबादला डिप्लोमाला असताना तिला हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, नाद लागला. हैदराबादला नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ ही संस्था १९८३ पासून आहे. तिथल्या भारती प्रसाद डिसेंबर २००४ मध्ये पोर्ट ब्लेअरला रेडिओ लावून बसल्या होत्या, आणि २६ तारखेला त्सुनामी आली. फोन बंद पडले तेव्हा अंदमानातल्या माणसांची खबर त्यांनी बिनतारीवरून बाहेर पोचवली. ही गोष्ट सुनेने कॉलेजात ऐकली आणि परीक्षा देऊन परवाना काढला. लग्नात रुखवताबरोबर एक रेडिओ आणि अँटेनाची काठी आली होती. रुखवत बघायला आलेल्या बायकांनी काठीकडे बघून काय काय विचारलं ते इथे लिहीत नाही.

धाकटा इतकी वर्षं तिच्या रेडिओला "खरखरे" म्हणायचा. आता मात्र त्याने कुणाला न विचारता मोबाइलवरून स्वस्तातले दोन वॉकीटॉकी मागवले. पार्सल आलं. सुनेने डबा उलटापालटा करून बघितला आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. "ह्याच्यावर कुठली फ्रिक्वेन्सी, मान्यता आहे का, काहीच छापलेलं नाही. हे वाजवलं तर पोलिसांच्या नाहीतर कुणाच्याही लहरीत घुसेल." धाकट्याला वाटलं बायको अडवते. पण २०२५ च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारांना नेमक्या अशाच विक्रीबद्दल नोटिसा काढल्या, ती बातमी तिने त्याच्यासमोर ठेवली. पार्सल परत गेलं.

आपल्या देशात बोलता येणारा रेडिओ बाळगायला परवाना लागतो, हे पुष्कळांना माहीत नसतं. मलाही नव्हतं. मात्र काही पट्टे मोकळे ठेवलेले आहेत. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ हा पट्टा कमी ताकदीच्या संचांसाठी परवान्यातून सोडला. सेट मान्यताप्राप्त हवा आणि त्याची ताकद अर्ध्या वॉटच्या आत. आवाज फार लांब जात नाही, पण जिनिंगच्या आवारात फार लांब कुणाला बोलायचं असतं? तसे दोन संच आले. एक ड्रायव्हरचा, एक क्लीनरचा, आणि क्लीनरच्या कॉलरला अडकवायचा छोटा माइक.

खरं म्हणजे काम इथेच झालं होतं. पण माणसाचं मन. धाकट्याला वाटायला लागलं की आपणही बायकोसारखं मोठ्या सेटवर बोलावं. इचोड्याहून, नेरडीगोंड्याहून घरी हाक मारावी. सून म्हणाली, "सेट माझ्याकडे एक जास्तीचा आहे. पण बटण दाबायचं तर परवाना तुमच्या नावाचा पाहिजे. आणि त्यावर भाड्याची, मालाची बोलणी चालणार नाहीत. हॅमवर धंदा करता येत नाही."

"मग बोलायचं काय?"

"माझ्याशी बोला की," ती म्हणाली. मी आत निघून गेले.

परीक्षा! धाकटा दहावी मराठी माध्यमातला, तोही माझ्याच शाळेतला, आणि गणितात माझाच मार खाल्लेला. त्याचे पेपर आता इंग्रजीत. एक भाग तंत्राचा, एक नियमांचा. पस्तीस वर्षं मी फळ्यासमोर काढली, पण अडतीस वर्षांच्या मुलाला पुन्हा समोर बसवून शिकवण्यात जी गंमत आणि जो राग असतो, तो मला नवीन होता. व्होल्टला ओहमने भागलं की अँपिअर. तीनशेला मेगाहर्ट्झने भागलं की लहरीची लांबी मीटरमध्ये. धाकटा पुस्तक स्टिअरिंगवर टेकवून चहाच्या टपरीवर पाठ करायचा. क्यूटीएच म्हणजे ठिकाण, क्यूआरएम म्हणजे दुसऱ्या स्टेशनाचा अडथळा. हल्ली मी मालिका लावली की सून स्वयंपाकघरातून "क्यूआरएम" म्हणते, ते त्या दिवसांचं देणं. पहिल्या खेपेला तो नियमांच्या भागात नापास झाला. दुसऱ्या खेपेला पास. परवाना यायला वेळ लागला, तोवर खोक्याचं काम निघालं.

केबिनमध्ये दोन सीटांच्या मध्ये, इंजिनच्या झाकणावर जी जागा असते, तिथे सगळं एकत्र बसवायचं होतं. रेडिओचं तोंड, माइकचा आकडा, लहान संचांचं चार्जिंग, फ्यूज, व्होल्टमीटर. सुनेची एवढीच यादी. धाकट्याने त्यात आरसी, परमिट, विमा ठेवायचा कप्पा घातला. मी औषधांची पेटी आणि पाण्याच्या बाटलीची जागा मागितली. क्लीनर पोरगा लंगडत येऊन बघून गेला आणि म्हणाला, "मावशी, डब्याला पण जागा करा ना." त्याचं येणं हाच आम्हाला दिलासा होता.

मी आपली सूचना केली की निर्मलची खेळणी ज्या पोनिकीच्या लाकडाची करतात, त्याचं करू, हलकं होईल, वर निर्मलची नक्षी काढू. सुतार मिस्त्री हसले. "बाई, ते बाहुल्यांचं लाकूड. मऊ असतं. गाडीच्या हादऱ्याने स्क्रू आठ दिवसांत सुटतील." मग अठरा मिलिमीटरचा प्लाय आला, खाली लोखंडी पट्ट्या, रबरी वायसर आणि न सुटणारे नट. पुठ्ठ्याचं खोकं त्याआधी आठ दिवस गाडीत तसंच ठेवून धाकटा फिरला. त्यात दोन चुका सापडल्या. हँडब्रेक ओढताना कोपर अडत होतं, आणि रात्री मीटरच्या दिव्याचं प्रतिबिंब काचेत पडत होतं. लाकूड कापल्यावर ह्या चुका कळल्या असत्या तर मिस्त्रींचं आणि आमचं काय झालं असतं?

विजेच्या कामात मात्र आम्ही फसलो. दहा चाकीला दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळतात आणि रेडिओला लागतात १२. सून माहेरी गेली होती. धाकट्याने घाईने एका वायरमनला बोलावलं. त्याने एका बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून दिले. रेडिओ वाजला, सगळे खूश. दीड महिन्याने पहाटे गुडीहत्नूरला गाडी सुरूच होईना. एक बॅटरी मेली होती, दुसरी उकळून पाणी कमी झालेलं.

सुनेने मला समजावलं ते मला फार पटलं. दोन भाऊ एकाच पंगतीत बसलेत. एक राबतो, एक बसून असतो. वाढणारा, म्हणजे आल्टरनेटर, दोघांच्या ताटात सारखंच वाढतो. राबणाऱ्याचं पोट भरत नाही आणि बसलेल्याला अजीर्ण होतं. म्हणून दोन्ही बॅटऱ्यांवरून मिळून २४ घ्यायचे आणि मध्ये कन्व्हर्टर घालून त्याचे १२ करायचे. बॅटरीजवळच फ्यूज, जाड वायर, आणि पत्र्यातून वायर जिथे आत येते तिथे रबराची कडी, नाहीतर पत्रा वायर कापतो आणि गाडी पेटते. तो कन्व्हर्टर आधी पाचशे-हजाराचा वाचवला आणि बॅटऱ्यांची जोडी गमावली. धाकट्याला मी त्या दिवशी काही बोलले नाही. त्याच्या बायकोनेही नाही. त्यालाच ते जास्त लागलं असावं.

अँटेनाची काठी जेमतेम अर्ध्या मीटरची. दोन मीटरच्या लहरीला चौथा हिस्सा पुरतो, बाकीचं काम खालचा पत्रा करतो. पण पत्र्याला रंग असला की तो काही करत नाही. पहिल्यांदा मीटर तीनच्या वर दाखवत होता, म्हणजे पाठवलेल्यातलं बरंचसं परत येत होतं. बुडाखालचा रंग खरवडून पत्रा उघडा केला तेव्हा दीडच्या खाली आला. पहिली काठी बेल्याच्या रस्त्यावर एका चिंचेच्या फांदीने मोडली. दुसरीला बुडाशी स्प्रिंग आहे. शेजारी लिंबूमिरची आहेच. दोन्हींचं एकमेकांना काही क्यूआरएम नाही.

आणि आता जे मला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं ते. मला वाटलं होतं की मुलगा केरामेरीच्या घाटात असला तरी घरात त्याचा आवाज येईल. तिथल्या वळणांवर मोबाइल जातो, आणि त्या रात्री मी कशा काढते ते माझं मला ठाऊक. पण ही लहर सरळ जाते, डोंगराला वळसा घालत नाही. आमच्या गच्चीवरून मावळा ओलांडेपर्यंत त्याचा आवाज अगदी ओसरीत बसल्यासारखा येतो. गुडीहत्नूरच्या अलीकडे खरखर सुरू होते. पुढे गाडी हायवे सोडून इंद्रवेल्लीकडे वळते तोवर सगळं शांत. मला राग आला. एवढं पैसे, एवढा अभ्यास, अन् वीस किलोमीटरसुद्धा नाही?

सून म्हणाली, "आई, घाटासाठी दुसरा, मोठ्या लहरीचा सेट लागतो. तो नंतर बघू." धाकटा म्हणाला, "घाटात मी बोलणारच नाही." खरंच आहे. चालवताना हातात फोन काय, माइक काय, कायद्याने गुन्हाच, आणि घाटात तर दोन्ही हात आणि दोन्ही डोळे तिथेच हवेत. घरचा नियम झाला आहे की गाडी कडेला लावल्याशिवाय बटण नाही.

लहान संचांची गोष्ट राहिली. यंदाच्या हंगामात मी मुद्दाम धाकट्याबरोबर एका आवारात गेले होते. तीच दिवेलागणीची वेळ, तोच गोंगाट. खोक्यातल्या स्पीकरमधून पोराचा आवाज कानाजवळ येत होता. "आने दो... आने दो... डावीकडं काटा... आने दो... बस." बस म्हटल्याबरोबर ब्रेक लागला. धाकट्याने खिडकीतून मागे बघितलंसुद्धा नाही. मग इंजिन बंद करून बराच वेळ तसाच बसला. मीही काही बोलले नाही. पोरगा पुढे आला आणि म्हणाला, "भाऊ, चहा?"

घरातला सेट सुनेच्या नावाचा आहे. मला ऐकायची मोकळीक, बोलायची नाही. गाडी निघाली की मी ओसरीत स्टूल घेऊन बसते. "मावळा ओलांडला" असं तो म्हणतो, सून उत्तर देते, मग खरखर वाढत जाते. परवा मी सुनेला विचारलं, ह्या परीक्षेला वयाची अट काय? म्हणाली, बारा वर्षं पूर्ण पाहिजेत. मी म्हटलं, ती झालीत माझी. काल रात्री तिने मला ओहमच्या नियमाची दहा गणितं घालून दिली. सात बरोबर आली. उरलेल्या तिनांवर धाकट्याने लाल पेनाने फुली मारली आणि वर लिहिलं, पुन्हा सोडवा.