सही कर, नाहीतर चालता हो!

गिरणी कामगार बंधूंनो आणि भगिनींनो,

संप फसला की गिरणीच्या गेटवर जो कागद पुढे येतो, तो आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. "चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून द्या आणि मग आत या!" काम येतं की नाही, साचा चालवता येतो की नाही, हे कोणी विचारत नाही. वाकतोस की नाही, एवढंच विचारतात. आम्हाला वाटायचं, ही पाळी फक्त अंगठेबहाद्दरावर येते. बुकं शिकलेल्या प्रोफेसराला असा कागद दाखवायची छाती कुणाची? पण ती छाती झाली! अमेरिकेत झाली, कॅलिफोर्निया विद्यापीठात झाली. ती हकीकत ऐका, कारण ती आपलीच आहे.

दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. ज्या लोस अलामोसमध्ये अणुबाँब बनला, ती प्रयोगशाळा याच विद्यापीठाच्या कारभाराखाली होती. सरकारला युद्धात विद्वान हवे होते. युद्ध संपलं, रशियाशी वाकडं आलं आणि घराघरांत कम्युनिस्ट दिसू लागले. १९४७ साली अध्यक्ष ट्रुमन यांनी केंद्र सरकारच्या नोकरांची निष्ठा तपासायला सुरुवात केली. मग विद्यापीठ मागे कसं राहील?

या विद्यापीठाचा कारभार पाहते एक नियामक मंडळ. त्यातल्या सभासदांना म्हणतात रीजंट. त्या काळी ते २४ होते. १६ जणांना राज्याचा गव्हर्नर नेमायचा, तेही एकदम १६ वर्षांसाठी! आणि कोण होते हे विद्येचे राखणदार? तेलाच्या धंद्यातले एडविन पॉली. बँक ऑफ अमेरिकेचे मारिओ जियानिनी. धनवंतांचे वकील जॉन नेलन. वर्गात खडू धरणारा मास्तर किती? शोधून सापडायचा नाही! गिरणी मालकाची आणि सूत आमचं, तसंच हे.

२५ मार्च १९४९ रोजी मंडळाने ठराव केला : प्रत्येक नोकराने शपथ लिहून द्यावी. ठराव आणला खुद्द विद्यापीठाचे अध्यक्ष रॉबर्ट स्प्राउल यांनी. विधिमंडळ आपल्या अंगावर येण्याआधी आपणच शपथ लावून मोकळं व्हावं, असा त्यांचा हिशेब! जूनमध्ये शब्द आणखी कडक झाले : मी कम्युनिस्ट पक्षाचा सभासद नाही, असं साफ लिहा. आणि ही शपथ गुंफली कशात? वर्षाच्या नेमणुकीच्या करारात. म्हणजे सही नाही तर पगार नाही!

काय हो, राज्यघटनेची शपथ या लोकांनी आधीच घेतली होती. मग दुसरी कशाला? निष्ठा पाहायला नव्हे, मान किती वाकते ते पाहायला!

प्रोफेसर लढले, हे कबूल. पण एक घोडचूक करून बसले. मार्च १९५० मध्ये त्यांनी मतदान घेतलं. शपथ नको म्हणाले, पण कम्युनिस्टांना नोकरी नको हे धोरण मान्य करून टाकलं. म्हणजे दार उघडून दिलं आणि मग कडीवरून भांडत बसले! एकेकाच्या डोळ्यांपुढे घरभाडं आलं, पोरं आली, आणि बहुतेकांनी सह्या केल्या. त्यांना आम्ही हसणार नाही. पोटाची आग आम्हालाही माहीत आहे.

पण काही जण उभे राहिले. मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टोलमन त्यांचे पुढारी. दुसरे इतिहासकार अर्न्स्ट कान्टोरोविच. हे ज्यू गृहस्थ हिटलरच्या जर्मनीतून निसटून आलेले. तरुणपणी जर्मनीत कम्युनिस्टांविरुद्ध बंदूक धरलेले! अशा माणसाने सही नाकारली. पहिला कागद नेहमी साधाच असतो, हे त्यांनी एकदा भोगलं होतं.

२५ ऑगस्ट १९५० रोजी मंडळाने १२ विरुद्ध १० मतांनी ३१ अध्यापकांना काढलं. ते कम्युनिस्ट आहेत असा आरोपसुद्धा नव्हता! गुन्हा एकच, सही केली नाही. ज्यांनी हा साप बाहेर काढला ते स्प्राउल आता विरुद्ध बाजूला होते. गव्हर्नर वॉरन आणि पॅसिफिकचं युद्ध जिंकलेले अ‍ॅडमिरल निमिट्झ हेही. पण दोन मतं जास्त भरली.

आणि कारकून, मदतनीस? त्यांच्यातलेही कित्येक सही न केल्यामुळे घरी गेले. प्रोफेसरांची नावं इतिहासात आली. यांची कुणी लिहून ठेवली? कान्टोरोविच म्हणाले की प्रोफेसर म्हणजे झाडूवाल्यासारखा नोकर नव्हे. पंडितजी, तुमच्या हिमतीला आमचा रामराम. पण इथे तुम्ही चुकलात! झाडूवाल्याची मान काय वाकवायलाच असते?

पुढे काय झालं तेही पाहा. ऑक्टोबर १९५० मध्ये राज्याने कायदाच केला आणि शपथ प्रत्येक सरकारी नोकरावर आली. तो कायदा मंजूर करणारे गव्हर्नर कोण? प्रोफेसरांच्या बाजूने मत देणारे तेच वॉरन! साहेब भला असला तरी साहेबच. १९५२ साली राज्याच्या सुप्रीम कोर्टाने प्रोफेसरांना परत घ्या म्हणून हुकूम दिला; पण मंडळाची शपथ रद्द झाली ती राज्याची शपथ आहेच म्हणून! ती राज्याची शपथ कोर्टाने फेकली १९६७ साली. पुढे त्याच विद्यापीठाने टोलमन यांचं नाव एका इमारतीला दिलं. आधी हाकलायचं, मग पाटी लावायची!

म्हणून आमचं सांगणं थोडक्यात. कागद पुढे आला की अगोदर वाचा, दुसऱ्याकडून वाचून घ्या. मजकूर किती साधा आहे हे पाहू नका, तो मागणारा कोण आहे ते पाहा. एकट्याने सही करू नका, एकट्याने नाकारूही नका. आज शेजारच्या खात्यातला माणूस काढला तर ‘तो तसलाच होता’ म्हणू नका. उद्या तोच कागद तुमच्या खात्यात येतो.

एकाची सही मालक विकत घेईल. हजारांची नाही विकत घेता येणार!