यंत्र आमच्या कातडीवरही तपासा



शरीरात शिरलेले जंतू नेमके कुठे आहेत, हे कापाकापी न करता पाहता येईल का? २०१५ साली म्युनिकच्या शास्त्रज्ञांनी एक युक्ती प्रसिद्ध केली. काही जंतू व्हायोलॅसीन नावाचा गडद जांभळा रंग स्वतःच बनवतात. तो बनवण्याची सूचना असलेली जनुकं दुसऱ्या जंतूंत घातली, तेही जांभळे झाले. मग उंदराच्या गाठीतले ते जंतू बाहेरून टिपता आले.

लेझर प्रकाशाचा क्षणभराचा झोत कातडीवर सोडतात. रंग प्रकाश शोषतो, किंचित तापतो, फुगतो आणि त्यातून आवाजाची बारीक लाट निघते. सोनोग्राफीसारखं यंत्र ती पकडून चित्र बनवतं. उन्हात काळी छत्री जास्त तापते, तसंच हे.

सातिवलीच्या गाळ्यांत राबणाऱ्या भावाबहिणींनो, ही दवाखान्यातली तपासणी नव्हे. आपल्या छातीतल्या टीबीच्या जंतूत हे जनुक नसतं. कुणी 'लेझरने जंतू दाखवतो' म्हणून पैसे मागितले तर देऊ नका. दोन आठवडे खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासा. तपासणी आणि औषध, दोन्ही मोफत आहेत.

मग आम्ही हे का लिहितो? कारण प्रकाशातून आवाज टिपणारी यंत्रं आता माणसांसाठीही येऊ लागली आहेत, स्तनातली गाठ तपासायला. आणि रंग आपल्या कातडीतही असतो. हे मेलॅनिनही प्रकाश शोषतं. कातडी जितकी काळी, तितका प्रकाश वरच अडतो.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचं हेच झालं. २०२० मध्ये अमेरिकेत दिसलं की यंत्र ९२ ते ९६ दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन ८८ च्या खाली होता, आणि ही चूक गोऱ्यांपेक्षा काळ्या रुग्णांत जवळपास तिप्पट वेळा झाली. तोवर हे यंत्र कित्येक वर्षं वापरात होतं. म्हणून आकडा चांगला असला तरी धाप लागत असेल तर दवाखाना गाठा.

आमचं म्हणणं सरळ आहे. विज्ञान आपल्याला हवंच आहे. पण प्रकाशावर चालणारं कुठलंही यंत्र खरेदी करण्याआधी सरकारने विचारावं: सावळ्या, काळ्या, उन्हात रापलेल्या किती माणसांवर हे तपासलं? पारखून मगच स्वीकारा, असं बुद्धांनी कालामांना सांगितलं होतं. यंत्रालाही तोच नियम लावू या.