यादवी म्हणू नका

सुदानची बातमी मराठीत वाचताना ‘यादवी’ हा शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. यादव आपसांत लढले आणि आपसांतच संपले. इथे लढणारे दोन्ही म्होरके धडधाकट आहेत. मरतायत ते ज्यांच्या हातात काठीसुद्धा नव्हती.

२०१९मध्ये लोकांनी रस्त्यावर उतरून ओमर अल-बशीरची तीस वर्षांची सत्ता हलवली. ऑक्टोबर २०२१मध्ये लष्करप्रमुख बुरहान आणि निमलष्करी ‘आरएसएफ’चा प्रमुख हेमेदती यांनी मिळून नागरी सरकार पाडलं. तेव्हा दोघांत भांडण नव्हतं. आरएसएफ लष्करात कधी विलीन करायची, हुकूम कुणाचा चालणार, यावरून फाटलं आणि १५ एप्रिल २०२३ला खार्टूममध्ये गोळीबार सुरू झाला. ‘ऑपरेशन कावेरी’त आपली माणसं परत आली, आणि आपल्या बातम्याही आटोपल्या.

पुढे सरकारंही दोन झाली. बुरहानने बस्तान पोर्ट सुदानला हलवलं. आरएसएफने २०२५मध्ये दारफुरातल्या न्यालात समांतर सरकार थाटलं. एकाने नव्या नोटा काढल्या, दुसऱ्याने त्या आपल्या भागात बंद केल्या. डिसेंबर २०२४ची शालान्त परीक्षा आरएसएफच्या भागातल्या बहुतेक मुलांना देताच आली नाही.

तुम्ही म्हणाल, दोघांना एकाच मापाने मोजू नका. मान्य. अल-जनीनातली मसालित लोकांची कत्तल, अल-फाशिरचा वेढा आणि ऑक्टोबर २०२५मध्ये ते शहर पडल्यावरचा संहार, हे आरएसएफचंच पाप. पण आरएसएफ आकाशातून पडली नाही. जंजावीद टोळ्यांना राज्यानेच हत्यारं दिली, २०१३मध्ये त्यांनाच आरएसएफ नाव देऊन गणवेश चढवला. आणि लष्कराच्या विमानांनी भरल्या बाजारावर बॉम्ब टाकलेच आहेत.

मग खरं सरकार कोणतं? माझ्या लेखी, वस्त्यावस्त्यांतल्या ‘आपत्कालीन प्रतिसाद कक्षां’मधली पोरं. तुमच्याआमच्या वयाची. वर्गणी काढून सामुदायिक चुली पेटवतात, जखमींना दवाखान्यात पोचवतात. दोन्हीकडचे सैनिक त्यांना शत्रूचे हस्तक म्हणून उचलतात. जेद्दाहच्या वाटाघाटींत मात्र खुर्च्या मिळाल्या त्या बंदूकवाल्यांनाच.

म्हणून म्हणतो, याला यादवी म्हणू नका. लोकांनी मिळवलेलं राज्य दोघांनी मिळून लुटलं आणि मग वाटणीवरून लोकांच्याच घरांत गोळ्या झाडल्या. बातमी लिहिताना, निदान पुढे पाठवताना, एवढं तरी नीट लिहा.