असईच्या पत्रांतील गणती

सप्टेंबर १८०३ मध्ये असईची लढाई जिंकल्यावर जनरल आर्थर वेलस्लीने कलकत्त्यास आपल्या वडील बंधूंस, म्हणजे खुद्द गव्हर्नर जनरलास, जो वृत्तांत लिहून धाडला, तो वाचून आमच्यातील काही विद्वान असे प्रतिपादन करतात की, मेल्या-जखमींची नोंद ठेवावी ती इंग्रजांनीच, मराठ्यांस आपले शिपाई मोजण्याची बुद्धीच नव्हती, सबब त्या पत्रांसच प्रमाण मानावे.

हे मत आम्हांस सर्वथा अमान्य आहे. इंग्रजी फौजेचे ४२८ ठार, ११३८ जखमी आणि १८ बेपत्ता, हा हिशेब चोख आहे, व त्यात मद्रासेकडील हिंदी शिपाईही धरलेले आहेत. बुऱ्हाणपुरावर चालून निघालेल्या कर्नल स्टीव्हन्सनला ऑक्टोबरात लिहिताना, एवढा लाभ पदरी पडणार असला तरी तसली हानी पुन्हा पाहणे नको, असे जे वेलस्ली कळवतो, त्यातील दुःखही खरे आहे. परंतु शिंद्यांच्या बाजूचे काय? सुमारे बाराशे मैदानात पडले आणि जखमी मुलुखभर विखुरले, एवढे लिहून लेखणी पुढे सरकते. ज्यांची मोडलेली पलटणे बुऱ्हाणपूर-नर्मदेच्या वाटेस लागली, त्यांतील किती जण वाटेत गेले, हे विजेत्याने मोजलेच नाही. मग त्या मौनास प्रमाण कसे मानावे?

राहिला बुद्धीचा आक्षेप. रणात पडलेल्याच्या मुलाबाळांस बालपरवेशीची नेमणूक करून देण्याचा रिवाज मराठी राज्यात होता. आणि शिपाई कोण, कोणत्या पथकातला, कोठे कामास आला, मागे कोण उरले, याची चौकशी केल्यावाचून कारकुनाने ती नेमणूक दफ्तरी चढवावी तरी कशाच्या आधारावर? गणती होती, ती मोडीत होती, आणि मोडी वाचण्याचे कष्ट आम्ही सोडले.

बुऱ्हाणपूर त्याच ऑक्टोबरात इंग्रजांच्या हाती गेले खरे, पण डिसेंबरातील सुर्जी-अंजनगावच्या तहाने ते शिंद्यांकडे परतले आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तेथे त्यांचाच अंमल राहिला. तेव्हा बुऱ्हाणपुरातील जुन्या मराठी घराण्यांस आमची विनंती आहे की, माळ्यावरचे मोडी रुमाल वाळवीच्या स्वाधीन न करता ते जाणकारांकडून वाचवून घ्यावेत.