घरीच तर आहे!

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत एका धान्य-व्यापाऱ्याचे जुने घर आहे. खाली दुकान, मागे गोदाम आणि वर माडीवर बिऱ्हाड. धाकटी सून पुण्याच्या एका संगणक कंपनीत नोकरीस आहे. २०२० च्या टाळेबंदीत कंपनीने सर्वांना घरी धाडले, तेव्हापासून ती माडीवरच्या पूर्वेकडील खोलीत बसून काम करते. टाळेबंदी उठली, कचेऱ्या उघडल्या, तरी तिचे टेबल तिथेच राहिले. घरच्यांना त्याचा आनंदच झाला. मुलगी दृष्टीसमोर राहते, दोन वेळचे घरचे अन्न खाते, आणखी काय हवे?

अडचण निराळीच होती. गॅसचे सिलिंडर आले की हाक तिला. हुंडेकऱ्याचा माणूस पावती घेऊन आला की सही तिची. जीएसटीच्या विवरणपत्राचा ओटीपी आला की सासऱ्यांचा फोन तिला. नांदणीहून पाहुणे आले की चहा तिनेच टाकावा, आणि मुनिसंघ गावात असला की चौक्याची तयारीही तिनेच पाहावी. यांतील एकही काम तिला जड नव्हते. जड होते ते प्रत्येक हाकेच्या शेवटी येणारे वाक्य, ‘तू घरीच तर आहेस!’ हे कोणी रागाने म्हणत नसे. प्रेमानेच म्हणत आणि म्हणूनच त्याला उत्तर देता येत नसे.

वास्तविक घरात राहून धंदा करणे व्यापारी समाजाला नवे नाही. गुजरीतील पेढ्या असोत वा शाहूपुरीतील गुळाच्या अडती, खाली गादी आणि वर संसार हीच पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. पण गादीला एक दृश्य मर्यादा होती. पांढरी बैठक, समोर रोजमेळ, बाजूला मुनीम. त्या गादीवर माणूस बसला की घरातले मूलही त्याच्याकडे धावत जात नसे. काम डोळ्यांना दिसत होते, म्हणून त्याचा मान राखला जात होता. लॅपटॉपसमोर कानात यंत्र घालून स्वस्थ बसलेली सून मात्र काम करताना दिसतच नाही. ती नुसती ‘आहे’ असे दिसते.

त्यात सूर्यास्ताचा प्रश्न. या घरात रात्रिभोजनाचा त्याग आहे. हिवाळ्यात कोल्हापुरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. लंडनमध्ये दुपारचे बारा वाजतात तेव्हा येथे साडेपाच झालेले असतात आणि परदेशी ग्राहकाची बैठक नेमकी तेव्हाच सुरू होते. आठवड्यातून दोन-तीन दिवस तरी सूनबाई उपाशीच झोपे. सासूबाई खिन्न होत, पण चूक बैठकीची की नेमाची, हे त्यांना ठरवता येत नसे.

अशा मनःस्थितीत हे कुटुंब डिसेंबरातील एका शनिवारी राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट या वाटेने मालवणला निघाले. सोबत दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गाळलेल्या पाण्याचे कॅन. रविवारी सकाळी देवबागला, कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथून, मंडळी डॉल्फिन पाहण्यासाठी नावेत बसली. कोल्हापूरची असंख्य कुटुंबे दरवर्षी हेच करतात. पाण्यातला एवढा मोठा जीव, कुणाच्या ताटात न जाता, आपल्या आनंदाने उसळताना पाहावा, याहून निष्पाप करमणूक कोणती?

या किनाऱ्यावर जो डॉल्फिन प्रामुख्याने दिसतो तो हंपबॅक जातीचा. पाठीवरच्या पंखाखाली उंचवटा असतो, त्यावरून हे नाव पडले. दक्षिण आफ्रिकेपासून अरबी आखात होऊन भारताच्या किनाऱ्यापर्यंत त्याची वस्ती आहे. पण ही वस्ती लांब असली तरी रुंद नाही. खोल समुद्र त्याला मानवत नाही. साधारण वीस-पंचवीस मीटरपेक्षा उथळ पाण्याची, किनाऱ्याला लागून असलेली एक चिंचोळी पट्टी आणि खाड्यांची मुखे एवढेच त्याचे जग. तिथेच तो जन्मतो, तिथेच मासळी शोधतो, तिथेच विसावा घेतो आणि तिथेच मादी पिलाला दूध पाजते. त्याचे घर आणि त्याचे कामाचे ठिकाण एकच आहे. दुसरीकडे जायला त्याला कचेरी नाही.

आणि नेमक्या याच पट्टीत मासेमारीची जाळी, बंदरे, सांडपाणी, यांत्रिक नौका आणि पर्यटक एकवटले आहेत. २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने या जातीची नोंद संकटग्रस्त म्हणून केली. भारतीय वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने, डॉल्फिनला स्थान आहे. मादी प्रौढ व्हायला सुमारे दहा वर्षे लागतात आणि दोन पिलांमध्ये साधारण तीन वर्षांचे अंतर राहते. व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे तर भांडवल अत्यंत हळू वाढते, म्हणून एकेक तोटा भरून यायला फार काळ लागतो.

आगमांच्या वाचकाला हा जीव अपरिचित नाही. उत्तराध्ययन सूत्रात जलचर पंचेंद्रियांचे पाच प्रकार सांगितले आहेत: मत्स्य, कच्छप, ग्राह, मकर आणि सुंसुमार. यातील सुंसुमार, म्हणजे संस्कृतातील शिशुमार, म्हणजेच डॉल्फिनसारखा जलचर, असा अर्थ अभ्यासक लावतात. मत्स्याहून त्याचा वर्ग वेगळा मानला गेला, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आजचे प्राणिशास्त्रही तेच म्हणते. तो मासा नाही. तो फुप्फुसाने श्वास घेतो, उष्ण रक्ताचा आहे आणि अपत्याला दूध पाजतो.

पाच इंद्रियांतील त्याचे श्रोत्रेंद्रिय सर्वांत महत्त्वाचे. खाडीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग थोडाच. डॉल्फिन बारीक टकटक असा ध्वनी सोडतो आणि त्याच्या प्रतिध्वनीवरून मासा कुठे, खडक कुठे, पिलू कुठे, हे जाणतो. पाण्यात ध्वनी सेकंदाला सुमारे दीड हजार मीटर वेगाने जातो. हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक. म्हणून नावेचे इंजिन आपल्याला नुसते घरघरताना ऐकू येते, पण पाण्याखाली ते दूरवर सर्वत्र भरून राहते. झोपेतही तो मेंदूचा एक अर्धा भाग जागा ठेवतो, कारण श्वासासाठी त्याला वर यावेच लागते. तो पाण्यावर संथपणे वर-खाली होताना दिसतो, तेव्हा कदाचित त्याची झोप चाललेली असते. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला वाटते, डॉल्फिन मोकळाच आहे, समोरच तर आहे.

देवबागच्या त्या नावेत काय घडले ते आता वेगळे सांगायला नको. नाविकाला एका ठिकाणी काळसर पाठ दिसली. ‘थंय बघा, थंय!’ म्हणत त्याने इंजिनाचा वेग वाढवला. आसपासच्या चार-पाच नावांनीही तोंडे तिकडेच वळवली. दोन पाठी होत्या, एक मोठी आणि तिला चिकटून एक लहान. नावा जवळ येताच दोन्ही बुडाल्या आणि पन्नास पावलांवर पुन्हा वर आल्या. पुन्हा नावा धावल्या. मुले टाळ्या पिटत होती, मोबाईल उंचावलेले होते. तिसऱ्या खेपेला सूनबाई म्हणाली, ‘बाबा, त्यांना सांगा ना, इंजिन बंद करायला. ती तिच्या कामात आहे.’

सासऱ्यांनी तिच्याकडे वळून पाहिले. गिऱ्हाईक म्हणजे काय हे चाळीस वर्षे दुकान चालवणाऱ्याला शिकवावे लागत नाही. ते नाविकाला म्हणाले, ‘दादा, डॉल्फिन दिसो न दिसो, ठरलेले पैसे पूर्ण देतो. इंजिन बंद कर.’ नाविक थोडा ओशाळला. म्हणाला, ‘तसाच करूक व्हया, पण गिऱ्हाईक आयकत नाय.’

या एका वाक्यात सगळा व्यवहार आला. नाविक क्रूर नाही. डॉल्फिन दाखवला नाही तर पर्यटक हुज्जत घालतो, पुढच्या वेळी दुसऱ्याची नाव धरतो. जगभर या पर्यटनाचे जे संकेत मानले जातात ते साधेच आहेत: किमान पन्नास मीटर अंतर ठेवावे, वेग मंद असावा, समोरून आडवे जाऊ नये, चहूकडून घेरू नये, पिलू सोबत असेल तर माघारच घ्यावी. हे पाळायला खर्च येत नाही. पण ते पाळणाऱ्या नाविकाचे भाडे बुडणार असेल तर तो किती दिवस पाळील? पैसे मोजणाऱ्याने आग्रह सोडल्याशिवाय हे व्हायचे नाही, आणि सिंधुदुर्गात पैसे मोजणाऱ्यांत कोल्हापूरकरांचा भरणा मोठा आहे.

मच्छीमारांच्या बाबतीत शासनाने हा हिशेब अधिक सरळ मांडला. डॉल्फिन, कासव यांसारखा संरक्षित जीव जाळ्यात अडकला तर त्याला सोडविण्यासाठी महागडे जाळे कापावे लागते, आणि ते नुकसान एकट्या मच्छीमाराने का सोसावे? डिसेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने योजना आणली, की जाळे कापून असा जीव सोडल्याचे छायाचित्र वा चित्रफीत सादर केल्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळावी. दया करणाऱ्याला तिची किंमत एकट्याने मोजावी लागू नये, हा विचार पांजरपोळांना देणगी देणाऱ्या समाजाला सहज पटेल. तरीही डॉल्फिनच्या बाबतीत ही योजना तोकडी पडते. कासव बराच वेळ तग धरू शकते, पण डॉल्फिनला वर येता आले नाही तर तो काही मिनिटांतच गुदमरतो. जाळे ओढले जाते तेव्हा पुष्कळदा सोडवायला काही उरलेले नसते.

शिवाय डॉल्फिन आणि मच्छीमार यांचे नाते सरळही नाही. कोकण सिटेशियन रिसर्च टीमच्या अभ्यासकांनी सिंधुदुर्गाच्या गावोगावी मच्छीमारांशी बोलून हे नोंदविले आहे. डॉल्फिन जाळ्याजवळच मासळी खातो, जाळी फाडतो, अशी तक्रार असते. आणि तीच माणसे त्याच्या येण्याजाण्याविषयी जे जाणतात ते पुस्तकांत मिळत नाही. दोघेही एकाच अंगणात पोट भरतात. शेजाऱ्यांत कुरबुर होणारच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या वाळूत देवमाशाचे एक पिलू अडकले. त्याला पुन्हा पाण्यात नेण्यासाठी गावकरी, वन विभाग आणि इतर यंत्रणा दिवसरात्र झटल्या. त्याला ओले ठेवले, खोल पाण्यात ओढून नेले. ते वाचले नाही. पण तेव्हा महाराष्ट्राने जी कळकळ दाखवली ती खोटी नव्हती. संकटात पडलेला जीव डोळ्यांसमोर तडफडत असला की आपण धावतो. जो आपल्या कामात आहे, धडधाकट आहे, ज्याला फक्त थोडी शांतता हवी आहे, त्याच्यासाठी मात्र काय करावे हे चटकन सुचत नाही. कारण तिथे काही करायचे नसते, करणे थांबवायचे असते. जून ते ऑगस्ट पावसाळी समुद्रात ही पर्यटक-नौकांची धावपळ आपोआप थांबते. कोकणच्या सागराला तेवढा चातुर्मास तरी लाभतो.

इंजिन बंद झाल्यावर नाव लाटांवर नुसती डुलत राहिली. दहा मिनिटे काहीच झाले नाही. मुले कंटाळली. मग बऱ्याच अंतरावर, अगदी खालच्या आवाजात, श्वास सोडल्याचा फुस्स असा नाद आला आणि पाठोपाठ तसाच दुसरा, बारीकसा. मोबाईलमध्ये काही आले नाही. अंतर फार होते. सासूबाईंनी हात जोडले.

परतताना घाट चढून मंडळी दाजीपूरला दिवस मावळायच्या आत दशम्या खायला थांबली. चटणीची पुडी सोडता सोडता सासूबाईंनी विचारले, ‘उद्या तुझी ती बैठक किती वाजता?’

‘साडेपाचला, आई.’

‘मग पावणेपाचला ताट वाढते.’

‘पण तेव्हा दुकानातून चहासाठी हाक येते.’

‘येऊ दे,’ सासूबाई म्हणाल्या, ‘मी बघते.’