चढणीचे मासे

कुलूच्या बाजूस नोकरीनिमित्त राहत असलेल्या आमच्या भाच्याने परवा एक छायाचित्र धाडले. तीर्थन नदीच्या गारठलेल्या पाण्यात गुडघाभर उभे राहून, गळास लागलेला ट्राऊट मासा त्याने दोन्ही हातांनी उचलून धरला आहे. सोबत प्रश्न केला आहे : "मामा, तुम्हां गोवेकरांना माशांची एवढी हौस, मग ओढ्यातून मासे जास्त मिळविण्याची विद्या तुमच्याकडे कुणी जाणतो की नाही?" प्रश्न थट्टेचाच होता. परंतु तो आला त्याच आठवड्यात आम्ही नेमक्या याच गोष्टीने अस्वस्थ होतो, म्हणून या महिन्याचे पान त्याच्या उत्तरास देत आहोत. बडोदे, इंदूर, ग्वाल्हेरकडील आमच्या शाकाहारी वाचकांनी क्षमा करावी.

प्रथम ट्राऊटविषयी. हा मासा आपल्या देशातला नव्हे. साहेबाला मायदेशीच्या ओढ्यांची आठवण स्वस्थ बसू देईना, म्हणून त्याने बोटीतून अंडी आणवून काश्मीर, निलगिरी, कुलू येथील प्रवाहांत त्याची वस्ती केली. पाणी तापले की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो, आणि ट्राऊटला तर तो भरपूर लागतो. पाण्याची उष्णता वीस अंशांच्या फार वर गेली की त्याचा जीव गुदमरू लागतो. फोंड्याच्या ओहोळात तो बिचारा वैशाखातील एक दुपारही काढणार नाही.

तथापि ओढ्यातला मासा, मग तो हिमालयातला असो वा सह्याद्रीच्या पायथ्याचा, एका बाबतीत सारखाच. तो प्रवाहाकडे तोंड करून राहतो, कारण त्याचे अन्न वरून वाहत येते. आमचे आजोबा पेडणे महालातील आमच्या गावी गरी घेऊन बसत, तेव्हा त्यांनी आम्हांस पहिला धडा हाच दिला होता. माशाच्या पाठीमागून, म्हणजे खालच्या अंगाने जावे. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. दगडावर पाय आपटू नये, कारण मासा कानापेक्षा अंगानेच अधिक ऐकतो. मोठ्या धोंड्यामागे जेथे पाणी दुभंगून पुन्हा मिळते, किंवा खळखळाट संपून डोह सुरू होतो, तेथे तो विसावतो, कारण तेथे श्रम थोडे आणि खाणे पुष्कळ. आमिष तेथे नेऊन आपटावयाचे नाही. चार हात वर सोडून प्रवाहासोबत वाहत येऊ द्यावयाचे. शिंगटीला रात्री तळाशी गांडूळ, मरळीला काठच्या गवतालगत उड्या मारणारे बेडकाचे पिल्लू. खवल्यांच्या मोठ्या माशांना नाचणीच्या पिठाचा गोळा चालतो, आणि काठावर उंबर असेल तर पिकलेले उंबरच गळाला लावावे; कारण वरून टपटपणाऱ्या फळांची वाट पाहत ते खाली थांबलेलेच असतात. दोरा बारीक, गळ लहान, वेळ पहाटेची किंवा दिवेलागणीची. एवढे सारे सांभाळून आजोबांना सकाळभरात तीन-चार मासे मिळत आणि तेवढ्यात घरच्या सात माणसांचे कालवण होई.

या माशांच्या नावांचीही एक गंमत आहे. मराठीच्या शिक्षकाला ती सांगितल्यावाचून राहवत नाही. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतील माशांची शास्त्रीय वर्णने 1839 साली प्रसिद्ध केली, तेव्हा त्याने कोळ्यांच्या तोंडची मराठी नावेच उचलून लॅटिनच्या पंगतीस बसविली. त्यामुळे आजही जगभरचे प्राणिशास्त्रज्ञ आपल्या महाशीर माशाला 'टॉर खुद्री', शिंगटीला 'मिस्टस सींगटी' आणि मळ्याला 'गारा मुल्या' असे म्हणतात. घरोघरच्या मुलांना मात्र ही नावे आता ठाऊक नाहीत. आमच्या शाळेतील आठवीच्या वर्गात आम्ही विचारले, तेव्हा गोड्या पाण्यातला मासा म्हणून चाळीसांपैकी बहुतेकांनी तिलापिया सांगितला, आणि तो तर आफ्रिकेतला.

भाच्याच्या प्रश्नात 'जास्त' हा शब्द आहे. गरीने जास्त मासे मिळत नाहीत. जास्त मासे मिळतात ते चढणीला.

मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीनंतर ओहोळांना गढूळ लोंढा येतो. उन्हाळाभर नदीच्या डोहांतून दिवस काढलेले मासे त्या नव्या पाण्याची चाहूल लागताच वर निघतात. उथळ ओहोळांत, पाणी भरलेल्या शेतांत, बांधाच्या कडेला त्यांना अंडी घालावयाची असतात. तेथे पाणी शांत असते आणि पिलांना खाद्य मुबलक मिळते. ही चढण. कुलाब्याकडे तिला वलगण म्हणतात. आमच्याकडे 'चडणीचें नुस्तें' एवढे शब्द उच्चारले की म्हाताऱ्याकोताऱ्यांच्याही तोंडास पाणी सुटते. त्यातच जून-जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक होड्यांना समुद्रबंदी असते, बाजारात ताजी मासळी नसते. मग ओहोळावर कंदील आणि विजेऱ्या घेऊन गर्दी होते. मासा वर चढण्याच्या ओढीने इतका भान हरपलेला असतो की त्याला पकडावयास विद्या लागत नाही, हात पुरतात. आणि पकडलेल्या माद्या अंड्यांनी भरलेल्या असतात.

आजोबाही चढणीचे मासे धरीत. ते काही संत नव्हते. ओहोळात दगडांची आडवी ओळ घालून मध्ये बांबूच्या कामट्यांचा सापळा लावीत. पण डाव्या काठाला दोन हात रुंदीची वाट मोकळी ठेवीत. कारण कधी सांगितले नाही. 1984 च्या जूनमध्ये, आम्ही चौदा वर्षांचे असताना, दोन चुलतभावांना सोबत घेऊन आम्ही मध्यरात्री ती वाट दगडांनी आणि केळीच्या सोपटांनी बुजविली. सकाळी तीन टोपल्या मासे निघाले. घरी खाल्ले, शेजारी वाटले, तरी एक टोपली उरली. दुपारपर्यंत तिला वास येऊ लागला आणि ती माडाच्या मुळाशी पुरावी लागली. आजोबा आम्हांला एक अक्षर बोलले नाहीत. संध्याकाळी भर पावसात खोळ पांघरून ते एकटेच ओहोळावर गेले आणि एकेक दगड काढून परत आले. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या पुढे होते.

मत्स्यशास्त्र पुढे वाचनात आले तेव्हा त्या दोन हातांचा हिशेब कळला. रोहूची मोठी मादी एका वेळी लाखांनी अंडी घालते. महाशीर तशी नव्हे. तिची अंडी वजनाच्या मानाने काही हजारच, जड आणि तळाशी बसणारी. अशी एक मादी चढणीला कापली की ते नुकसान भरून यावयास वर्षे लागतात. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने 1970 नंतरच्या दशकात महाशीरची कृत्रिम पैदास हाती घेतली. नद्यांतून तो दिसेनासा होऊ लागला, म्हणूनच हा उद्योग करावा लागला. महाडजवळ काळ नदीवरील वाळणकोंडीत मात्र वरदायिनी देवीचे म्हणून या माशांना कुणी हात लावीत नाही. तेथे ते आजही काठाशी येऊन लोकांच्या हातचे खाणे घेतात.

जास्त मिळविण्याच्या आणखीही वाटा आहेत. पूर्वी गेळफळ कुटून किंवा निवडुंगाचा चीक डोहात सोडीत. आता ब्लीचिंग पावडर, जिलेटिनच्या कांड्या, कोठे कोठे विजेची तार. सुरुंग आणि विष यांना इंग्रजांच्या 1897 च्या मत्स्य कायद्यानेच मनाई केली होती. त्यांविषयी अधिक लिहावयास नको. गंमत इतकीच की कुलूला आमच्या भाच्याला परवाना काढावा लागतो, आणि थंडीत ट्राऊट अंडी घालू लागला की मासेमारी बंद होते. परक्या माशाचे हे लाड. आणि घरच्या माशाचा अंड्यांचा हंगाम म्हणजे आमचा सण!

आता गेल्या आठवड्याची गोष्ट. रात्री नऊच्या सुमारास आमचा एक जुना विद्यार्थी दारात उभा राहिला. आता त्याचा मुलगा आमच्याच शाळेत आहे. हातात बादली, अंगावरून पाणी निथळत होते. "सर, चडणीचें नुस्तें हाडलां." गुरूच्या घरी पहिला वाटा आणण्याची त्याची ही बारा वर्षांची रीत. सौ.ने मासे चिरावयास घेतले आणि थोड्या वेळाने आम्हांस हाक मारली. ताटात गाबोळीचा ढीग होता. अकरापैकी नऊ माशांची पोटे भरलेली. "परत तर देता येणार नाहीत," ती म्हणाली. तिने तिरफळे घालून कालवण केले. ते उत्तम झाले होते, हे लपविण्यात अर्थ नाही.

रविवारी आम्ही त्याच्यासोबत ओहोळावर गेलो. खांडेपारच्या नदीला मिळणारा हा लहानसा प्रवाह. त्याने तो काठापासून काठापर्यंत बांधला होता. आम्ही आजोबांची गोष्ट सांगितली. त्याने आदराने ऐकून घेतली, मग म्हणाला, "सर, मी वाट सोडली तर वरच्या वाड्यावरचे धरतील. मासा वाचणार नाही, फक्त माझा वाटा जाईल." पस्तीस वर्षे शाळेत प्रश्नांची उत्तरे देण्यात घालविली, पण याला द्यावयास आमच्यापाशी उत्तर नव्हते. वरच्या वाड्यावरही आमचे विद्यार्थी आहेत, त्यांच्याशीही बोलतो, एवढेच आम्ही म्हणालो. तो काही वेळ पाण्याकडे पाहत राहिला. नंतर धोतराचा काचा मारावा तशी लुंगी खोचून पाण्यात उतरला आणि डाव्या काठाचे चार दगड उचलून बाजूस ठेवले. "इतके पुरे, सर?" आम्ही हातांनी मापून पाहिले. दीड हात भरले. आम्ही पुरे म्हटले.

दिवाळीच्या सुटीत पाणी निवळल्यावर त्याच ठिकाणी गरी घेऊन बसावयाचे त्याच्याशी ठरले आहे. भाच्याने तेव्हा इकडे यावे. नाचणीचे पीठ आम्ही आणू.